चाळीस मिनिटांची वाट, अर्ध्या सेकंदाचं काम

ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानं सुटलेल्या बेसबॉलला पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातातून फलंदाजापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो? अर्धा सेकंदसुद्धा नाही! त्यातच चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅटही फिरवायची.

आता हेच काम सुमारे चाळीस मिनिटं बाकावर बसून मग करायचं असेल तर? अमेरिकन बेसबॉलमधल्या डेझिग्नेटेड हिटरचं, म्हणजे डीएचचं, आयुष्य असंच असतं. पिचरऐवजी तो फलंदाजीला येतो, फील्डिंग मात्र करत नाही. अमेरिकन लीगनं हा नियम १९७३ मध्ये आणला. नॅशनल लीगनं तो कायमचा स्वीकारायला २०२२ उजाडलं. पहिला डीएच होता यांकीज संघाचा रॉन ब्लूमबर्ग. पहिल्या खेपेला त्याला नुसता ‘वॉक’, म्हणजे चेंडू न मारताच पहिला बेस, मिळाला, तरी त्याची बॅट कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसली!

चैनीची नोकरी वाटते ना? पण संघ फील्डिंगला उतरला की बाकीचे पळतात, झेलतात, फेकतात. त्यांचं अंग खेळता खेळताच गरम राहतं. डीएच मागे उरतो, आणि स्नायू तर गॅसवरून उतरवलेल्या तव्यासारखे: बसल्या बसल्या निवत जातात. निवलेला स्नायू सावकाश आकसतो, त्याचा जोर घटतो. आकडेवारीचा कीस पाडणाऱ्यांना तर आढळलंय, की फील्डिंगही करणारा फलंदाज डीएच म्हणून उतरला की सरासरी किंचित कमी पडतो. माणूस तोच, बॅट तीच. फरक फक्त बसण्याचा!

म्हणून डीएच बसतच नाही. डगआउटमागच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकामागच्या, बोळातून तो आत सटकतो. कोणी सायकल मारतो, कोणी जाळीच्या पिंजऱ्यात ‘टी’ नावाच्या दांड्यावर ठेवलेले चेंडू टोलवत राहतो, कोणी मघाच्या खेळीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतो. आता ट्रॅजेक्ट आर्क नावाचं यंत्रही आलंय. पडद्यावर समोरच्या संघाचा पिचर हात फिरवताना दिसतो आणि त्याच्या हाताच्या जागी असलेल्या भोकातून, जवळपास त्याच्याच वेगाचा आणि फिरकीचा खराखुरा चेंडू येतो!

पण अंग तापवलं, डोळ्यांचं काय? इथे मला थक्क करतो तो सिएटल मरिनर्सचा एडगर मार्टिनेझ. त्याचा उजवा डोळा मधूनच भरकटायचा. तसं झालं की चेंडू किती लांब आहे याचा अंदाजच चुकायचा. विचार करा, अशा डोळ्यांनी हा खेळ! त्यानं वर्षानुवर्षं डोळ्यांचे व्यायाम केले. टेनिसच्या चेंडूंवर बारीक आकडे लिहायचे, ते यंत्रातून वेगानं सोडायचे आणि भिरभिरत येणाऱ्या चेंडूवरचा आकडा एडगरनं वाचायचा. कारकिर्दीअखेर त्याची सरासरी होती .३१२. २०१९ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि वर्षातल्या सर्वोत्तम डीएचला मिळणारा पुरस्कार आज त्याच्याच नावाचा आहे.

आणि पिचिंग-फलंदाजी दोन्ही करणारा शोहेई ओहतानी! कोपरावरच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये त्याला पिचिंग करता आलं नाही, म्हणून डॉजर्ससाठी तो वर्षभर फक्त डीएच होता. त्यानं ५४ होमरन मारले, ५९ बेस चोरले. एकाच हंगामात दोन्हीकडे पन्नाशी गाठणारा तो पहिलाच, आणि एकदाही फील्डिंगला न उतरता सर्वोत्तम खेळाडूचा किताब जिंकणाराही पहिलाच.