वाटेवरचें जेवण : पनवेलचीं उपाहारगृहें

घराबाहेर जेवणें ही गोष्ट आज शहरांतील कुटुंबांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. पाहुणे आले, परीक्षेचा निकाल लागला, किंवा नुसता स्वयंपाकाचा कंटाळा आला, तरी पाय उपाहारगृहाकडे वळतात. परंतु तीन-चार पिढ्यांपूर्वीं परक्याच्या हातचें अन्न, परक्याच्या भांड्यांतून आणि परक्याच्या शेजारीं बसून खाणें हें एक धाडस होतें. कित्येकांच्या दृष्टीनें तर तें पातकच होतें. हें धाडस सवयीचें कसें झालें, याचें उत्तर मोठ्या शहरांतील थाटाच्या हॉटेलांपेक्षां वाटेवरच्या थांब्यांवर अधिक स्पष्ट मिळतें. मुंबईहून घाटाकडे किंवा कोंकणांत जातांना लागणारें पनवेल हा असा एक जुना थांबा आहे.

पनवेल हें मूळचें खाडीच्या टोकाशीं वसलेलें बंदर. आगगाडी येण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीनें पनवेलच्या बंदरावर उतरे आणि तेथून खुष्कीच्या मार्गानें घाट चढे. १८३० सालीं बोरघाटांतून गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला, तेव्हां ही वर्दळ वाढली. देशावरून माल घेऊन आलेला गाडीवान परत फिरतांना पनवेलचीं चाकें विकत घेई, इतका येथील चाकांचा धंदा नांवाजलेला होता. १८५२ सालीं, म्हणजे पहिली आगगाडी धांवण्याच्या आदल्याच वर्षीं, येथें नगरपालिका स्थापन झाली.

या वाटसरूंच्या जेवणाची सोय कशी होत असे? शिदोरी असे तोंवर शिदोरी. ती संपली कीं वाण्याकडून तांदूळ-डाळ घेऊन तीन दगडांची चूल मांडावयाची. अथवा आपल्या ज्ञातीचें घर शोधून तेथें पान वाढून घ्यावयाचें. धान्य विकत घेण्यास कोणाची हरकत नव्हती; शिजविलेलें अन्न विकत घेण्याची मात्र फारशी रीत नव्हती. कच्च्या तांदुळास विटाळ नाहीं, भातास आहे, हा त्या काळचा समज. त्यामुळें ज्या गांवांतून रोज शेकडों माणसें जात, तेथेंही प्रत्येकाची चूल निराळी पेटे.

१८६३ सालीं बोरघाटांतून लोहमार्ग सुरू झाला. तो कल्याण-कर्जतवरून गेला आणि पनवेल बाजूस पडलें. पुढें मोटारी आल्या, तेव्हां जुना रस्ता पुन्हां जागा झाला. १९४८ सालीं राज्यांत एस. टी. सुरू झाली, १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला आणि मुंबईहून पनवेलला येण्यास ठाण्याचा वळसा घेण्याचें कारण उरलें नाहीं. पुण्याची वाट येथूनच घाटाकडे वळते आणि गोव्याचा महामार्ग येथूनच सुरू होतो. ही मोटार जुन्या गाडीवानासारखी रात्रभर मुक्काम करीत नाहीं. ती वीस मिनिटें थांबते. वीस मिनिटांत चूल मांडतां येत नाहीं, कीं ज्ञातीचें घर शोधतां येत नाहीं. समोर जें तयार असेल तें, जेथें जागा असेल तेथें बसून खावें लागतें. वाटेवरचें उपाहारगृह हें या घाईचें अपत्य आहे.

ही घाई येण्यापूर्वींची स्थिति लक्षांत घेतली म्हणजे तिचें महत्त्व कळतें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्या मंडळींनीं चहा घेतल्याचें निमित्त झालें आणि तें प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ताचा वाद माजला. एका पेल्याची ही किंमत! १९१० सालीं मुंबईंत मामा काणे यांचें उपाहारगृह निघालें, तेव्हां त्याच्या नांवांतच ‘स्वच्छ’ हा शब्द घालण्यांत आला; बिचकणाऱ्या गिऱ्हाइकास पाटीवरूनच धीर द्यावा लागे. पनवेलच्या दक्षिणेस, याच जिल्ह्यांतील महाड येथें, १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांना सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. जेथें पाण्याची ही कथा, तेथें शिजविलेल्या अन्नाची काय गोष्ट! १९३३ सालीं सावरकरांनीं रत्नागिरीस सर्व जातींच्या हिंदूंनीं एकत्र बसून खावें म्हणून मुद्दाम एक उपाहारगृह काढलें. पुढें राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचीं नांवें घालून, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही तेथें जाण्यास मज्जाव करतां येणार नाहीं, असें लिहिलें गेलें. तेव्हां बाकावरची ती जागा घाईनें रुळविली हें खरें असलें, तरी ती मोकळी करून घेण्यास माणसांना झगडावें लागलें, हेंही तितकेंच खरें.

आतां पनवेलच्या वाटेवर कोणकोणत्या तऱ्हेचें जेवण भेटतें तें पाहावें. पळस्पे फाट्यावरचें ‘दत्त स्नॅक्स’ हें नांव कोंकणांत व पुण्यास जाणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीचें आहे. वडा, मिसळ, कोथिंबीर वडी आणि वर गारेगार पियूष, हा तेथील ठरलेला क्रम. पहाटे मुंबईहून निघालेलें एखादें कुटुंब गाडींतून उतरतें; मुलें अजून झोपेंत असतात, आजोबांना आधीं चहा हवा असतो. मेजाशीं दोन खुर्च्या रिकाम्या असतात आणि उरलेल्या दोहोंवर कोणी अनोळखी आधींच बसलेले असतात. कोणी कोणाची जात विचारीत नाहीं. विचारतात तें एवढेंच, ‘जरा सरकतां का?’

येथील जिन्नसांची निवडही सहज झालेली नाहीं. बटाट्याचें सारण पहाटेच करून ठेवतां येतें, पीठ भिजविलेलें असतें, आणि तापलेल्या तेलांत वडा चार-पांच मिनिटांत तळून निघतो. मिसळीची उसळ मोठ्या पातेल्यांत मंद आंचेवर रटरटत असते, कट वेगळा, फरसाण कोरडें. हें सारें एकत्र करण्यास अर्धें मिनिट पुरतें. वाटेवरच्या उपाहारगृहाचें गणितच या मिनिटांवर आहे. समजा, चाळीस माणसांची जागा आहे आणि गर्दीची वेळ तीन तासांची आहे. गिऱ्हाईक तासभर बसलें तर तीन पंगती उठतात, म्हणजे एकशें वीस माणसें जेवतात. तेंच वीस मिनिटांत उठलें तर नऊ पंगती होतात व तीनशें साठ माणसें खाऊन जातात. भाडें तेंच, दिवे तेच, आचारीही तोच. स्वस्ताईचें रहस्य कांहीं अंशीं मालकाच्या उदारपणांत असेल. पण बरेंचसें तें गिऱ्हाइकाच्या लवकर उठण्यांत असतें.

दुसरी तऱ्हा खाणावळीची. हिचें गिऱ्हाईक वाटसरू नव्हे, तर घरापासून दूर राहणारा नोकरदार, विद्यार्थी किंवा कामगार. तो रोज येतो, महिन्याचे पैसे देतो, आणि म्हणून येथें चवीपेक्षां सोसवणें महत्त्वाचें असतें. कालची भाजी आज पुन्हां आली कीं तो तोंड वांकडें करतो, आणि तेल अधिक झालें कीं दुसऱ्या दिवशीं सांगून दाखवितो. खाणावळवाली व तिचें गिऱ्हाईक यांचें नातें त्यामुळें निम्में घरचें असतें. मुंबईच्या गिरणगांवांत अशा खाणावळी चालविणाऱ्या बायका सावकारी कर्जांत पिचत होत्या. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें. ताटांतील गरम पोळीमागें कोणाचे हात आहेत, याची आठवण हें उदाहरण करून देतें.

तिसरी तऱ्हा उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहाची. इडली-डोशाचें पीठ आदल्या दिवशीं वाटून रात्रभर आंबविलेलें असतें, म्हणून सकाळीं गिऱ्हाइकाच्या समोर फक्त वाफ किंवा तवा एवढेंच काम उरतें. ज्या घरांतून मिसळीचा तिखटपणा सोसत नाहीं, त्यांची वाटेवरची सोय या दाक्षिणात्य स्वयंपाकानें केली.

चौथी तऱ्हा मात्र निराळी आहे, आणि ती पनवेलच्या मातीची आहे. या भागांतील आगरी-कोळी घरांचें जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, सुकट, बोंबील, आणि भाग्य असेल त्या दिवशीं खाडीकांठच्या खाजणांत व तळ्यांत सांपडणारा जिताडा. हें जेवण पुष्कळ काळ वाटेवरच्या पाट्यांवर दिसत नसे; वाटसरूस पंजाबी भाजी चटकन् मिळे, पण ज्या गांवांतून तो जात असे तेथील कालवण मिळत नसे. अलीकडे आगरी-कोळी पद्धतीच्या खाणावळींच्या पाट्या या बाजूस दिसूं लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही कांहीं पदार्थ पाटीवर मावतच नाहींत. थंडीच्या दिवसांत रायगड जिल्ह्यांत होणारी पोपटी घ्या. मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला घालावयाचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ व ओवा, वरून पुन्हां पाला. पाणी थेंबभरही नाहीं. मग मडकें पालथें घालून भोंवतीं पेंढा व काटक्या रचून पेटवावयाचें. अर्ध्या-पाऊण तासानें शेंगा आपल्याच वाफेंत शिजून तयार होतात. आतां कोणी त्यांत अंडीं व कोंबडीही घालतात. पोपटीला शेत लागतें, रात्र लागते आणि शेकोटीभोंवतीं बसण्यास सवड लागते. वीस मिनिटांच्या थांब्याशीं तिचें जमत नाहीं. घाईनें जें दिलें त्याबरोबर काय बाजूस राहिलें, तें पोपटीवरून कळतें.

पांचवी तऱ्हा सर्वांत नवी. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग पूर्ण झाला आणि पनवेलजवळून जाणारी वाहनें गांवांत न शिरतांच घाटाकडे धांवूं लागलीं. त्यांच्यासाठीं वाटेंत मोठमोठीं खाद्यसंकुलें उभीं राहिलीं. तेथें एका खिडकीपाशीं पैसे द्यावयाचे, दुसऱ्या खिडकीपाशीं ताट घ्यावयाचें. जागा प्रशस्त, शौचालयें जवळ, वाहनांना भरपूर आवार. लहान मुलें व वृद्ध यांना घेऊन निघालेल्या कुटुंबास ही सोय मोलाची वाटते. मात्र वाढणारा ओळखीचा नसतो, ‘आणखी रस्सा देऊं का?’ असें विचारणारा कोणी नसतो, आणि ताटावरून आपण कोणत्या गांवाजवळ आहों हेंही ओळखूं येत नाहीं.

या सगळ्या तऱ्हांतून निवड करतांना पारखावयाचें काय? पहिली खूण गर्दीची. जेथें माणसें सतत येतात तेथें अन्न पडून राहत नाहीं. शिजविलेलें अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेंत फार वेळ राहिलें तर त्यांत जंतु झपाट्यानें वाढतात. म्हणून गरम पदार्थ वाफाळलेला व थंड पदार्थ खरोखर थंड असावा, कोमट कांहींच नसावें. दुसरी खूण हात धुण्याच्या जागेची. तेथें साबण व वाहतें पाणी नसेल तर आंतल्या स्वयंपाकघराविषयीं फार आशा धरूं नये. तिसरी खूण परवान्याची. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें परवाना किंवा नोंदणी आवश्यक झाली असून तिचा क्रमांक दर्शनीं लावावा लागतो. चौथी खूण यादीची. पन्नास माणसांच्या जागेंत दोनशें पदार्थ मिळत असतील, तर त्यांतील पुष्कळसे आज केलेले नसावेत हें उघड आहे.

पनवेलची स्थिति आज पुन्हां पालटत आहे. २०१६ सालीं तेथें महानगरपालिका झाली. जानेवारी २०२४ मध्यें शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. रस्ता बदलला कीं गिऱ्हाईक बदलतें आणि गिऱ्हाईक बदललें कीं ताट बदलतें, हा या गांवाचा जुना अनुभव आहे. नव्या पाट्या लागतील, कांहीं जुन्या उतरतील. त्याबद्दल खंत करण्याचें कारण नाहीं. जपावयाची गोष्ट पदार्थाहून मोठी आहे. ज्या वाटेवर एके काळीं प्रत्येकाची चूल वेगळी पेटत होती, तेथें आज कोणीही दाराशीं उभा राहिला तर त्यास ‘या, बसा’ म्हणणें भाग आहे. दर वाढले, खुर्च्या मऊ झाल्या, खिडक्यांना कांचा लागल्या आणि ट्रकवाला, रोजंदारीचा मजूर व एस. टी.चा उतारू यांना मात्र आंत पाऊल टाकण्याचा संकोच वाटूं लागला, तर जातीनें सोडलेली ती जागा पैशानें अडविली असें होईल. म्हणून वाटेवर थांबणाऱ्या कुटुंबानें अधूनमधून अशा ठिकाणीं जेवावें, जेथें मेज सामाईक असतें आणि शेजारचा अनोळखी मिठाची वाटी पुढें सरकवितो. तेथील रस्सा तिखट लागेल कदाचित्. पण मुलांना जें घरच्या मेजावर शिकवितां येत नाहीं, तें तेथें वीस मिनिटांत शिकतां येतें.