वचनाचे शब्द आणि डावा हात
(लेखांक सहावा)

स्काऊट चळवळीच्या परंपरा पाहणाऱ्याला त्या फार जुन्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुतेक १९०७ ते १९२० या अल्प काळात, मुख्यतः एकाच माणसाच्या पुढाकाराने आणि अगदी जाणीवपूर्वक घडवल्या गेल्या. गावाच्या जत्रेची किंवा वारीची परंपरा कोणी सुरू केली हे सांगता येत नाही, पण स्काऊट डाव्या हाताने हस्तांदोलन का करतो, सलामीत तीनच बोटे का धरतो आणि गळ्यात त्रिकोणी स्कार्फ का बांधतो, याची उत्तरे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यामुळे या संघटनेत काय टिकले, काय बदलले आणि कोणता बदल कोणाच्याही नकळत झाला, याचा मागोवा घेणे इतर संस्थांच्या मानाने सोपे जाते.

रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले. उच्चभ्रू निवासी शाळांतील मुले आणि कामगारवस्तीतील मुले यांना मुद्दाम एकत्र मिसळून त्यांचे चार छोटे संघ केले गेले, आणि प्रत्येक संघाला एका पशूचे वा पक्ष्याचे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक चार पेन्स किमतीच्या सहा पाक्षिक भागांत प्रसिद्ध झाले आणि ते वाचून मुलांनी कोणत्याही मध्यवर्ती संघटनेची वाट न पाहता आपापले संघ काढले. शिबिरात मुलांना उठवण्यासाठी वाजवले जाणारे कुडू हरणाचे शिंग आफ्रिकेतील माटाबेले मोहिमेतून आणलेले होते; डाव्या हाताच्या हस्तांदोलनाचा उगम अशांती योद्ध्यांशी जोडला जातो, कारण ढाल डाव्या हातात असते आणि ती खाली ठेवून हात पुढे करणे म्हणजे समोरच्यावर विश्वास टाकणे होय, असे सांगितले जाते. या कथेचा ऐतिहासिक आधार कच्चा आहे. तरीही साम्राज्याच्या लढायांतून उचललेल्या वस्तू आणि आख्यायिका मुलांच्या खेळात कशा मुरल्या, हे तिच्यावरून चांगले कळते.

हावभाव आणि वस्तू यांच्यापेक्षा शब्दांचे भाग्य मात्र वेगळे ठरले. स्काऊट होताना प्रत्येक मूल जे ‘वचन’ घेते त्याचे तीन भाग असतात, आणि सलामीची तीन बोटे ही त्या तीन भागांची खूण मानली जाते; वचनाला जोडून ‘नियम’ असतात, जे ‘हे करू नये’ असे न सांगता ‘स्काऊट असा असतो’ असे वर्णन करतात. १९०८ मधील मूळ नियम नऊ होते आणि मन, वाणी व कृती यांच्या शुद्धतेचा दहावा नियम काही वर्षांनी जोडला गेला. त्या पहिल्या नियमावलीत निष्ठेच्या धन्यांची जी यादी आहे, तीत राजा, त्याचे अधिकारी आणि देश यांच्या मागोमाग चक्क नोकरीवर ठेवणारा मालकही येतो. संकटातही हसत राहावे आणि शीळ घालावी, असाही एक नियम होता, आणि शिवी देणाऱ्याच्या बाहीत मगभर गार पाणी ओतण्याची शिक्षा त्याच नियमाच्या खाली सांगितलेली होती. एडवर्डकालीन इंग्लंडला आपल्या मुलांकडून नेमके काय हवे होते, हे समजण्यासाठी तत्कालीन सरकारी अहवालांपेक्षा ही नियमावली अधिक उपयोगी आहे.

भारतात चळवळ १९०९ मध्ये बंगळूरला आली, परंतु प्रारंभी ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती मर्यादित राहिली. देशी मुलांना शिस्त, संघटन आणि माग काढण्याची विद्या शिकवावी की नाही, याबद्दल राज्यकर्त्यांना शंका होती, आणि त्यांच्या बाजूने पाहता ती अनाठायी म्हणता येत नाही. या नकाराला दोन उत्तरे मिळाली. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन स्थापन केली, जिच्या मुलांच्या डोक्यावर हॅटऐवजी पागोटे होते आणि तोंडी देशी गीते होती; तर अलाहाबादकडे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या छत्राखाली स्वतंत्र स्काऊट संस्था उभारली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंट यांची संस्था मूळ प्रवाहात विलीन झाली, सेवा समिती मात्र बाहेर राहिली. तिचा आक्षेप गाठी, तंबू किंवा शिट्टी यांना नव्हता. तो राजाविषयीच्या कर्तव्याला होता. पुढे १९३७ च्या भेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या अनुदार उद्गारांनी संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन अस्तित्वात आली. संस्थापकाशी भांडूनही त्याची पद्धत सोडावी असे कोणालाच वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर राजाचा प्रश्न आपोआप मिटला. ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन्ही प्रमुख संस्था एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संघटना स्थापन झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली. या विलीनीकरणामागे पंडित नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद आणि कुंझरू यांच्याबरोबरच नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचेही श्रम होते. वचनातील राजाच्या जागी देश आला, ईश्वर कायम राहिला. मात्र ज्याला ईश्वर हा शब्द उच्चारायचा नसेल त्याने त्या जागी ‘धर्म’ म्हणावे, अशी मुभा ठेवण्यात आली. ब्रिटिश संघटनेने नास्तिकांसाठी पर्यायी वचन २०१४ मध्ये स्वीकारले, हे पाहता या तडजोडीतील शहाणपण उठून दिसते, जरी कट्टर निरीश्वरवाद्याचे समाधान ‘धर्म’ या शब्दानेही होईलच असे नाही. भारतीय नियमांची संख्या पुन्हा नऊ झाली. मालक गेला, शीळ गेली, तिच्या जागी धैर्य आले, प्राण्यांच्या जोडीला निसर्गप्रेम आले, आणि शिस्तीच्या नियमात सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणास मदत करण्याची भर पडली. एस.टी.च्या काचा आणि रेल्वेचे डबे आता आपलेच आहेत, हे नव्या प्रजासत्ताकाला आपल्या मुलांना सांगावेसे वाटले. शीळ गेल्याची हळहळ मात्र वाटल्यावाचून राहत नाही.

मुलींच्या बाबतीत भारताचा मार्ग पाश्चात्त्य संघटनांहून निराळा आहे. ब्रिटनमध्ये स्काऊट संघटनेने १९७६ मध्ये केवळ ज्येष्ठ गटात, १९९१ मध्ये ऐच्छिक स्वरूपात सर्व गटांत आणि २००७ पासून सर्वत्र मुलींना प्रवेश दिला. अमेरिकेतील बॉय स्काऊट्सनी हेच पाऊल २०१८ आणि २०१९ मध्ये टाकले आणि ८ फेब्रुवारी २०२५ पासून ‘स्काउटिंग अमेरिका’ हे नाव धारण केले. लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे २०२० मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या आणि त्या प्रक्रियेत असे ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झालेल्या संस्थेचे हे नामांतर त्या पार्श्वभूमीपासून वेगळे काढता येत नाही. भारतात मुलगे आणि मुली १९५१ पासून एकाच संघटनेत आहेत, पण त्यांची पथके वेगळी राहिली: मुलग्यांचे स्काऊट, मुलींचे गाईड, लहानांमध्ये कब आणि बुलबुल, तरुणांमध्ये रोव्हर आणि रेंजर. गाईड चळवळीच्या पाच जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे.

लहानांच्या गटात परंपरेने एक गमतीदार वळसा घेतलेला दिसतो. रडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’वर आधारलेला कब विभाग १९१६ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला, आणि सिवनीच्या अरण्यातील अकेला लांडगा लंडनमार्गे पुन्हा भारतीय शाळेच्या पटांगणात आला, जिथे मुले वर्तुळात उकिडवी बसून लांडग्यांसारखी आरोळी देतात. मुलींसाठी मात्र इंग्लंडमधील लहान मुलींच्या ‘ब्राउनी’ गटाची कथा जशीच्या तशी न घेता बुलबुल पक्षी आणि ताराची गोष्ट रचण्यात आली. प्रौढ प्रशिक्षकांना मिळणाऱ्या ‘वुड बॅज’ या पदवीचेही असेच झाले: झुलू राजा दिनुझुलू याच्या माळेतील मण्यांच्या नमुन्यावर केलेले दोन लाकडी मणी भारतातही गळ्यात घातले जातात, पण पदवीला नाव हिमालयाचे आहे.

हे सारे बदल ठराव करून, चर्चा होऊन झाले. सर्वांत मोठा बदल मात्र कोणत्याही ठरावाशिवाय झाला आहे. सहा ते आठ मुलांच्या संघाने स्वतःच्या नायकाच्या हाताखाली आपले आपण चालावे, नायकांनी सभेत बसून पथकाचे निर्णय घ्यावेत आणि प्रौढाने शक्यतो मागे राहावे, ही ‘पॅट्रोल पद्धती’ बेडन-पॉवेल यांच्या लेखी चळवळीचा कणा होती. भारतात पथक बहुतांशी शाळेचे असते, पथकाचा प्रमुख शिक्षक असतो, आणि वर्गात ज्याला ‘सर’ म्हणायचे त्याच्यासमोर पटांगणात आपले मत मांडणे मुलाला जड जाते. शिबिरात प्रत्येक संघाने आपली चूल मांडून आपला कच्चा-पक्का भात शिजवावा, ही अपेक्षा. अनेक ठिकाणी आचाऱ्याच्या एका पातेल्यातून सर्वांना वाढले जाते. प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार या पायऱ्यांचा ओढाही बदलला आहे, कारण या पुरस्कारांना दहावीचे सवलतीचे गुण आणि रेल्वेभरतीतील राखीव जागा जोडल्या गेल्या आहेत. त्यात गैर काही नाही, गरीब घरातील मुलासाठी तर ती खरीच संधी आहे. पण त्यामुळे नोंदवही नीटनेटकी ठेवण्याला जे महत्त्व येते, ते संघ चालवण्याला येत नाही.

विसंगती अशी की, शिक्षकांना ही पद्धत माहीत नसते असे नाही. पचमढी येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात १९५६ पासून जे प्रशिक्षणवर्ग चालतात, त्यांत पोक्त शिक्षकांचेच संघ पाडले जातात, त्यांना पशुपक्ष्यांची नावे मिळतात, नायक पाळीपाळीने बदलतो आणि आपापल्या संघाची जागा तेच सजवतात व झाडतात. तेथून परतलेल्या शिक्षकाला शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याची एखादी तासिका मिळते, ती बहुधा शेवटची, आणि परीक्षा जवळ आली की गणिताकडे जाणारी.