टाकीत आलेला अनोळखी खेकडा : मारण्याआधी त्याची ओळख पटवा

गोंदियात समुद्र नाही. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठायची म्हटलं तरी जवळपास हजार किलोमीटरचा प्रवास. पण समुद्री मीठ, पंप, दिवे, गाळणी असं सगळं सामान आता घरपोच मिळतं. त्यामुळे घरातल्या काचेच्या टाकीत खारं पाणी भरून समुद्रातले मासे पाळणं, ही हौस आपल्या भागातही अशक्य राहिलेली नाही. आणि या हौसेबरोबर एक पाहुणा न बोलावता येतो. तो म्हणजे खेकडा.

बहुतेक वेळा होतं ते असं. इशाच्या नमाजनंतर घरातले दिवे मालवले जातात. टाकीतल्या दगडाच्या फटीतून दोन डोळे बाहेर येतात, मग एक नांगी. सकाळी एखादा मासा दिसत नाही, आणि घरात लगेच निकाल लागतो, "याच खेकड्यानं खाल्ला. काढा आणि टाका." कुणी गरम पाणी सुचवतो, कुणी चिमटा घेऊन येतो.

थांबा. खेकड्यांच्या जगात हजारो प्रजाती आहेत. त्यातले काही खरंच शिकारी आहेत, काही फक्त शेवाळ खातात, आणि काही तर ज्या प्रवाळावर राहतात त्याची राखण करतात. चेहरा न बघता निकाल दिला तर अनेकदा राखणदारच मारला जातो. ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. टॉर्च, मोबाईलचा कॅमेरा आणि तीन-चार रात्रींचा सब्र एवढं पुरतं.

हा येतो कुठून?

खेकडा हवेतून येत नाही. समुद्रातून आणलेल्या दगडाच्या भोकात, शंखाच्या आत, समुद्री शेवाळाच्या गुंत्यात किंवा प्रवाळाच्या फांद्यांमध्ये तो बसलेला असतो. त्या वेळी तो मुगाच्या दाण्याएवढाही असू शकतो. म्हणून दुकानात दिसत नाही. टाकीत खाणं मिळालं की वाढतो, कात टाकतो आणि दोन-तीन महिन्यांनी अचानक "प्रकट" होतो.

ओळखायचं कसं?

खेकडे बहुधा रात्री फिरतात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. मग या गोष्टी क्रमाने बघा.

पहिली, मागचे पाय. खेकड्याला नांग्या धरून पायांच्या पाच जोड्या असतात. शेवटच्या जोडीचं टोक वल्ह्यासारखं चपटं असेल तर तो पोहणारा खेकडा. मासळी बाजारात दोरीने बांधून ठेवलेली मोठी चिंबोरी बघितली असेल, ती याच जातकुळीतली. हे खेकडे चपळ असतात आणि मासे, कोळंबी पकडतात. लहान टाकीत ते धोक्याचेच.

दुसरी, पायांची संख्या. नांग्यांशिवाय चालायच्या पायांच्या तीनच जोड्या दिसतात, अंग चपटं आहे आणि डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूने लांब मिशा निघाल्यात, तर तो पोर्सेलिन खेकडा. त्याची शेवटची जोडी अगदी बारीक असते आणि अंगाखाली दुमडलेली राहते. तोंडाजवळचे पंख्यासारखे केस पसरून तो पाण्यातले कण गाळून खातो. कुणाला त्रास देत नाही. त्याला खुशाल राहू द्या.

तिसरी, नांगीचं टोक. हा सगळ्यात कामाचा पुरावा. नांगीची बोटं चमच्यासारखी पसरट आणि आतून खोलगट असतील तर ती दगडावरचं शेवाळ खरवडायला बनलेली आहेत. टोकं अणकुचीदार आणि नांगी जाडजूड असेल तर ती शिंपले, गोगलगायी फोडायला. "काळ्या टोकाची नांगी म्हणजे वाईट खेकडा" असं सर्रास सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते पुरेसं नाही. काळ्या टोकाच्या काही खेकड्यांची बोटंही चमच्यासारखीच असतात आणि ते मुख्यतः शेवाळावर जगतात. रंगापेक्षा आकार बघा.

चौथी, अंगावरचे केस. आपल्या किनाऱ्यावरही सापडणारा पिलम्नस वेस्पर्टिलियो हा खेकडा इतका केसाळ असतो की चिखलाचा गोळाच वाटतो. तो दिसायला भीतीदायक, पण केस असणं हा काही गुन्ह्याचा पुरावा नाही. त्याची नांगी आणि वागणं बघूनच ठरवा.

पाचवी, पाठीवरचं ओझं. पाठीवर स्पंजचा तुकडा टोपीसारखा धरून चालणारा खेकडा वेगळा, आणि अंगावर शेवाळ, स्पंज अडकवून सजणारा वेगळा. हा दुसरा आपल्या सजावटीसाठी टाकीतल्या जिवंत वस्तूंचे तुकडे तोडतो. तिथे लक्ष ठेवावं लागतं.

सहावी, कवचाची कड. डोळ्यापासून बाजूच्या टोकापर्यंत किती दात आहेत ते मोजा. शास्त्रज्ञही हेच मोजतात. चिंबोरीला प्रत्येक बाजूला नऊ दात असतात. फोटोत हे दात स्पष्ट आले तर जाणकाराचं अर्धं काम झालं.

खेकडा न पकडता त्याचं कवच मिळतं

खेकडा वाढताना जुनं कवच टाकून देतो. टाकीत सकाळी "मेलेला खेकडा" दिसला की घाबरू नका. उचलून बघा. आतून पोकळ, हलकं आणि मागच्या बाजूने उघडलेलं असेल तर ती कात आहे. खेकडा जिवंत आहे आणि अंग मऊ असल्यामुळे काही दिवस लपून बसलाय.

ही कात फेकू नका. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. नांगीची टोकं, कवचाचे दात, पायांचा आकार हे सगळं त्यात जसंच्या तसं मिळतं. पोटाखालची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर आणि रुंद, गोलसर असेल तर मादी. पट्टी बाजूला ठेवून वरून, खालून आणि समोरून असे तीन फोटो काढा. ते आयनॅचरलिस्टवर टाका किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या सायन्स कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा.

फोटोवरून नेमकी प्रजात प्रत्येक वेळी सांगता येईलच असं नाही. अनेक प्रजाती वेगळ्या ठरवायला तज्ज्ञांना नराच्या पोटाखालचा प्रजनन अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. आपल्या सह्याद्रीतूनच २०१६ मध्ये गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नव्या प्रजाती जाहीर झाल्या. डोळ्यांसमोर असलेले खेकडेही तोवर नोंदलेले नव्हते. म्हणून घरच्या टाकीसाठी कुळ कळलं तरी पुष्कळ झालं.

टकटक आवाज कुणाचा?

रात्री टाकीतून काच तडकल्यासारखा "टक्" आवाज येतो आणि संशय खेकड्यावर जातो. हा आवाज बहुधा पिस्तूल कोळंबीचा असतो. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि त्याचा आवाज होतो. मासे नाहीसे होण्यामागे मॅन्टिस श्रिंपही असू शकतो. कधी मासा आजाराने मेलेला असतो आणि खेकडा फक्त मेलेलं खात असतो. म्हणजे जागेवर सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. खबर आली तर आधी तहकीक करा, ही ताकीद पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. ती माणसांच्या बाबतीत आहे, पण ही सवय सगळीकडेच कामाची.

राखणदार खेकडा, आणि त्याची साक्ष

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. प्रवाळाच्या फांद्यांमध्ये गुळगुळीत, चकचकीत पाठीचा, अंगाच्या मानाने मोठ्या नांग्यांचा छोटा खेकडा दिसला तर तो ट्रॅपेझिया असण्याची शक्यता मोठी. तो जिवंत प्रवाळातच घर करतो. प्रवाळाचा चिकट स्राव खातो आणि बदल्यात त्याची राखण करतो. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा आला तर त्याच्या पायांना चिमटे काढून त्याला हाकलतो.

प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाजवळ झालेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रवाळांमधून संशोधकांनी हे खेकडे काढून टाकले. महिन्याच्या आत त्यातले ४५ ते ८० टक्के प्रवाळ मेले. खेकडे असलेले सगळे वाचले. कारण साधं होतं, प्रवाळावर बसणारा गाळ खेकडे रोज साफ करत होते. असा खेकडा "कीड" समजून मारणं म्हणजे घराचा चौकीदारच काढून टाकणं.

पण त्याची साक्ष इथे संपत नाही. ट्रॅपेझिया तुमच्या टाकीत आलाय, याचा अर्थ तो तुकडा बहुतेक जिवंत प्रवाळातून तोडलेला आहे. विक्रेता "साधा दगड आहे" म्हणत असला तरी खेकडा वेगळं सांगतोय.

आणि हा विषय हौसेपुरता राहत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात २००१ मध्ये पाषाणी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. ज्या परिशिष्टात वाघ आहे त्यातच प्रवाळ आहेत. नवेगाव-नागझिऱ्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. "लाइव्ह रॉक" नावाने विकला जाणारा दगड म्हणजे बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो, आणि कायदा जिवंत-मेलेला असा भेद करून सोडून देत नाही. "ऑनलाइन घेतला, मला माहीत नव्हतं" हे उत्तर कामी येईल, या भरवशावर राहू नका.

प्रवाळ दूरच्या देशांतच असतात असंही नाही. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात ते आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. एक तुकडा तुटतो तेव्हा त्यातल्या खेकडे, कोळंबी, पिल्लं अशा सगळ्यांचं घर तुटतं. म्हणून टाकी लावायचीच असेल तर सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड वापरा. त्यांच्यावरही उपयोगी जिवाणू वाढतात, फक्त थोडा वेळ लागतो. आधीच घेतलेल्या दगडाबद्दल शंका असेल तर तो विकू नका, कुणाला देऊ नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा.

त्रास देणारा निघाला तर?

पाहून, फोटो काढून, खात्री झाली की हा मासे पकडतोय, तर त्याला वेगळं करा. सोपी युक्ती आहे. गुळगुळीत काचेचा ग्लास दगडाला तिरपा टेकवून ठेवा, आत माशाचा छोटा तुकडा टाका. खेकडा वासावर आत उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. सकाळी ग्लास अलगद उचला. हाताने पकडायला जाऊ नका, चिमटा बसला की समजेल.

मग त्याच खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या डब्यात, हवेचा पंप आणि लपायला एखादा पाइपचा तुकडा देऊन ठेवा. रोज थोडं खाणं द्या. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला त्याची सजा मिळाली, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण मुलांना सांगतो. जीव कोंडला की त्याच्या खाण्याची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते. डबाही त्याला अपवाद नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. "अल्लाहची मखलूक आहे, पाण्यात सोडून देऊ" म्हणून त्याला नवेगाव बांधात, बोडीत किंवा वैनगंगेत सोडू नका. पावसाळ्यात धानाच्या बांधीत, पाळीला बीळ करून राहणारा आपला खेकडा गोड्या पाण्याचा आहे. त्याच्या मादीच्या पोटाखाली अंड्यांतून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात, समुद्राची गरज नसते. समुद्रातल्या खेकड्याचं तसं नाही. तो गोड्या पाण्यात तडफडून मरेल. शिवाय त्याच्यासोबत रोग जाऊ शकतो. कोळंबीला होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू खेकड्यांच्या अंगातूनही पसरतो. तलावांवर आपल्याकडे किती ढिवर कुटुंबांची चूल अवलंबून आहे, हे वेगळं सांगायला नको. टाकीचं जुनं पाणीसुद्धा तलावात ओतू नका.

आणि अनोळखी खेकडा शिजवायचाही विचार नको. हनफी मसलकात तसाही खेकडा खाल्ला जात नाही. पण इतरांनीही ध्यानात ठेवावं की झोसिमस एनियस, लोफोझोझिमस पिक्टर यांसारख्या काही रंगीत खेकड्यांच्या मांसात जीवघेणं विष असतं, आणि ते शिजवल्याने जात नाही.

थोडक्यात, आधी बघा, मग फोटो, मग विचारपूस, आणि निर्णय शेवटी. खेकडा कोण आहे हे कळलं तर तुमच्या टाकीतला दगड कुठून आला हेही कळेल. पुढच्या वेळी काही विकत घेताना हा प्रश्न दुकानदाराला आधी विचारा.