शब्दांचा किल्ला

वसईचा किल्ला वसई-विरारकडील बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. तीन बाजूंना पाणी, जमिनीच्या बाजूस भक्कम दरवाजा, आत पडक्या चर्चांच्या उंच भिंती, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून फोडलेला सेबॅस्टियन बुरूज. हाच किल्ला एकही चित्र न काढता, केवळ शब्दांनी, संगणकावर उभा करता येतो. पडद्यावर अक्षरे उमटतात : ‘तू दरवाज्यात उभा आहेस. येथे एक तलवार पडली आहे.’ खेळाडू ‘आत जा’ किंवा ‘तलवार उचल’ असे लिहितो आणि पुढील वर्णन उमटते. वाचणाऱ्याच्या कल्पनेला येथे पुष्कळ काम असते. चित्रांच्या खेळात ते तितकेसे उरत नाही.

अनेकांनी एकत्र खेळावयाचा असा एक आरंभीचा खेळ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात तयार झाला. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली तो रचण्यास घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढविला. त्याचे नाव ‘मड’.

खेळाडू एकटा असेल, तर अशी रचना फारशी अवघड नाही. खरी अडचण दुसरा खेळाडू आला की सुरू होते. समजा, नालासोपाऱ्याची एक मुलगी व अर्नाळ्याचा एक मुलगा आपापल्या घरून त्याच दरवाज्यात येऊन पोचले. दोघांनीही एकाच क्षणी लिहिले, ‘तलवार उचल’. तलवारीची नोंद एका सामाईक वहीत आहे असे मानू. मुलीच्या वतीने संगणक वही पाहतो : तलवार आहे. ती खोडण्यापूर्वीच मुलाच्या वतीने वही पाहिली जाते : तलवार आहे! मग दोघांनाही तलवार मिळते. एका तलवारीच्या दोन झाल्या. असा दोष शोधून काढणे फार कठीण. कारण शंभर वेळा खेळून पाहिले तरी तो एखाद्याच वेळी दिसतो.

टेलिफोन केंद्रापुढेही असेच संकट असते. हजारो लोक एकाच वेळी बोलत असतात आणि एकाचे बोलणे तुटले म्हणून दुसऱ्याचे तुटून चालत नाही. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ च्या सुमारास या कामासाठी एक नवी संगणकभाषा घडविण्यास आरंभ केला. तिचे नाव ‘एरलांग’. याच नावाच्या एका डॅनिश गणितज्ञाने टेलिफोनच्या वर्दळीचे गणित १९०९ साली मांडले होते. १९९८ पासून ही भाषा सर्वांना विनामूल्य मिळते. घरोघरी परिचित असलेल्या व्हॉट्सॲपचे निरोप पोचविणारी यंत्रणाही तिच्यातच रचली गेली.

या भाषेत सामाईक वही नसते. प्रत्येक काम एका स्वतंत्र प्रक्रियेकडे सोपवितात. प्रक्रिया म्हणजे जणू बंद खोलीत बसलेला एक कारकून. त्याची वही त्याच्यापाशी, आणि दाराबाहेर एक टपालपेटी. दुसऱ्या कोणासही त्या वहीला हात लावता येत नाही. काय हवे ते चिठ्ठीने कळवावयाचे. असे कारकून फार थोडी जागा घेतात. एका साध्या संगणकावर ते लाखभरही राहू शकतात. म्हणून खेळात प्रत्येक खेळाडूला, प्रत्येक बुरुजाला, इतकेच काय, तलवारीलाही स्वतंत्र कारकून देता येतो.

आता दोघांच्याही चिठ्ठ्या तलवारीच्या पेटीत पडतात. तिचा कारकून एका वेळी एकच चिठ्ठी उघडतो. पहिलीला उत्तर जाते, ‘घे’. दुसरीला, ‘तलवार दुसऱ्याने घेतली’. पहिली चिठ्ठी कोणाची पोचेल हे आधी सांगता येत नाही, परंतु तलवार एकच राहते.

तथापि या भाषेतही फसगत होऊ शकते. दरवाजा बुरुजाला काही विचारून उत्तरासाठी थांबला, आणि बुरूजही त्याच वेळी दरवाज्याला विचारून थांबला, तर दोघेही एकमेकांकडे पाहत बसतात आणि किल्ला स्तब्ध होतो. म्हणून जाणता रचनाकार शक्यतो चिठ्ठी टाकून आपल्या कामाला लागण्याची रीत ठेवतो. आणि थांबणे भागच पडले, तर किती वेळ थांबावयाचे ते ठरवून देतो.

राहिली गोष्ट अपघाताची. अर्नाळ्याला वीज गेली आणि खेळता खेळता त्या मुलाचा संबंध तुटला, तर केवळ त्याचा कारकून नाहीसा होतो. बाकीचा किल्ला चालूच राहतो. अशा वेळी कळवावे, अशी सूचना इतर कारकुनांना आधीच देऊन ठेवता येते. तलवार त्याच्याजवळ असेल, तर तिच्या कारकुनाला तत्काळ खबर पोचते. तो आपल्या वहीतून मुलाचे नाव खोडतो आणि तलवार मूळ जागी ठेवतो. पुढच्या क्षणी दरवाज्यात येणाऱ्या खेळाडूच्या पडद्यावर पुन्हा अक्षरे उमटतात : ‘येथे एक तलवार पडली आहे.’