मालगाडीच्या वाटेवरील उतारू

एकाच रुळावरून दोन गाड्या जावयाच्या असल्या म्हणजे थांबावें कोणी, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. उतारूंना घाई असते, कोळशाला नसते. तेव्हां मालगाडीनें बाजूस व्हावें, हा न्याय कोणासहि पटेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर तसा कायदाच आहे. तरीहि तेथील उतारूंची गाडी वारंवार आडरानांत खोळंबून राहते. असें कां व्हावें?

तेथील बहुतेक लोहमार्ग माल वाहणाऱ्या खासगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत. उतारूंची वाहतूक त्यांस तोट्याची होऊं लागली, तेव्हां ती चालविण्यासाठीं ॲमट्रॅक ही संस्था निघाली व १ मे १९७१ रोजीं तिच्या गाड्या सुरू झाल्या. ईशान्येकडील कांहीं मार्ग तिचे स्वतःचे आहेत. इतरत्र बहुतेक ठिकाणीं ती परक्या घरांतील भाडेकरू आहे. उतारूंच्या गाडीस आधीं वाट द्यावी, असें १९७३ च्या कायद्यानें ठरविलें. पण गाड्या सोडण्याचे हुकूम घरमालकाचीच माणसें देतात. कायदा मोडल्याची फिर्यादहि ॲमट्रॅकला करतां येत नाहीं; ती सरकारनेंच करावयाची. सरकारनें ती १९७९ सालीं व पुन्हां २०२४ सालीं केली.

मुख्य अडचण मात्र लांबीची आहे. पुष्कळ मार्ग एकेरी आहेत. समोरासमोर येणाऱ्या गाड्यांपैकीं एकीला बगलेच्या रुळावर, म्हणजे सायडिंगवर, शिरावें लागतें. माणसें तितकींच व डबे अधिक, म्हणजे खर्च कमी, या हिशेबानें मालगाड्या लांबत गेल्या. कित्येक आतां दोन मैलांहूनहि लांब असतात. जुनीं सायडिंगें पुष्कळ ठिकाणीं होतीं तेवढींच राहिलीं. जी गाडी तेथें मावतच नाहीं, तिनें बाजूस व्हावें कसें? मग आखूड अशी उतारूंची गाडीच आंत शिरते व वाट पाहते.

आपल्याकडे मार्गांचा मालक बहुतेक एकच, म्हणजे सरकार. म्हणून पाळी उलट येते. मेल पुढें निघून जाते आणि मालगाडी थांबते. पण तिच्यांत वीजघराचा कोळसा व शहराचें धान्य असतें. त्या खोळंब्याची झळ अखेर उतारूच्याच घरीं पोचते. म्हणूनच लुधियाना ते सोननगर व दादरी ते न्हावाशेवा असे मालगाड्यांचे स्वतंत्र मार्ग आंखण्यांत आले.

उतारूंस आधीं वाट द्यावी, असें लिहिणें सोपें आहे. पण सायडिंग लांबविल्यावांचून किंवा दुसरा रूळ टाकल्यावांचून ती वाट मिळत नाहीं.