विपश्यनेची रजा आणि आजारपणाची रजा

कडाव, कर्जत, खालापूर या पट्ट्यातील आपली पुष्कळ माणसे आज नोकरीत आहेत. कोणी शाळेवर, कोणी तहसील कचेरीत, कोणी आमच्यासारखे बँकेत. पहाटे लोकल पकडायची, रात्री परतायचे, आणि चाळिशी ओलांडली की रक्तदाब, पित्त, निद्रानाश ही नावे घरात ऐकू येऊ लागतात. मग कोणीतरी सांगते, 'इगतपुरीला दहा दिवस जाऊन या, रजासुद्धा मिळते.' सल्ला चांगला आहे. परंतु ती रजा कोणत्या खात्यातून जाते, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्ही हिशेबाच्या धंद्यातले, म्हणून तो येथे मांडत आहोत.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास विपश्यना शिबिरासाठी १४ दिवसांची परिवर्तित रजा घेता येते. तीन वर्षांतून एकदा आणि संपूर्ण सेवेत सहा वेळा. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांप्रमाणे वर्षाच्या सेवेमागे २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. ती पूर्ण पगारी करून घेतली की परिवर्तित रजा झाली, आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा. म्हणजे एका शिबिराला २८ दिवस खर्ची पडतात, जवळजवळ दीड वर्षाची कमाई. सहाही शिबिरे केली तर १६८ दिवस. एरवी डॉक्टरांचा दाखला जोडून माणूस आजारपणात रजा घेतो ती याच खात्यातून. आजारी न पडता ती वापरता येते हा फायदा खरा. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही आपलीच ठेव मुदतीआधी मोडणे आहे.

धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे होत आहेत. पहाटे चारला घंटा, मौन, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, आणि शुल्क काही नाही. सारे जुन्या साधकांच्या दानावर चालते. बसून आलेल्यांना स्वस्थता लाभते, हे आम्ही पाहिले आहे. मात्र अशा कार्यक्रमांनी आजारपणाच्या रजा कमी होतात, असे कोणी वरिष्ठ म्हणू लागले की सावध व्हावे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून काहींना आरोग्य-कार्यक्रम दिला, काहींना दिला नाही. (तो ध्यानाचा नव्हता, सर्वसाधारण होता.) २०१९ साली निष्कर्ष छापून आले, रजेच्या दिवसांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. जे आपण होऊन सहभागी झाले, त्यांचा औषधपाण्याचा खर्च आधीपासूनच कमी होता. त्यामुळे नुसती गेलेल्यांची आणि न गेलेल्यांची तुलना केली, तर कार्यक्रमाला फुकटचे श्रेय मिळते.

मग रजा वाढतात कशाने? लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील १०,३०८ नोकरदारांचा अभ्यास मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सुरू केला. पुरुषांत सर्वांत खालच्या श्रेणीची आजारपणाची गैरहजेरी सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे सहापट निघाली. ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी, त्यांच्या रजाही जास्त. कारकुनाला यात नवल वाटणार नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, तेव्हा रोकड किती येणार, रांग कुठवर जाणार, घरी कधी पोहोचणार, यातले काहीच रोखपालाच्या हाती नव्हते. श्वासावर कितीही लक्ष ठेवले असते तरी रांग आखूड झाली नसती. शेजारी आणखी एक माणूस बसवला असता तर झाली असती.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळोवेळी सुट्टी द्यावी. यात शक्तीप्रमाणे काम देणे सर्वांत आधी येते. शुश्रूषा आणि सुट्टी ही दोन निराळी कलमे आहेत. आपल्या नियमाने मात्र दुसरे पहिल्याच्या खात्यातून चालवले. आमच्या मते शिबिराची रजा विशेष रजा म्हणून द्यावी, आजारपणाच्या शिलकीला हात लावू नये.

तोवर ज्यांना जायचे आहे त्यांनी अर्ज करण्याआधी सेवापुस्तकातील अर्धवेतनी रजेची शिल्लक पाहून घ्यावी. नजीकच्या काळात शस्त्रक्रिया किंवा मोठा उपचार ठरला असेल, तर अर्जित रजा टाकून जाणे बरे. बँकेतील मंडळींना राज्याचे हे नियम लागू नाहीत. त्यांनी आपली रजा कोणत्या खात्यातून वजा होते, हे आधी विचारून घ्यावे.