गलगंडाची शस्त्रक्रिया आणि आवाजाचे रक्षण

सुरत शहराच्या उत्तरेस, तापी नदीपलीकडे, पश्चिम रेल्वेच्या सुरत-भरूच मार्गावर कोसाड हे स्थानक आहे. महानगरपालिकेने उभारलेल्या मोठ्या गृहवसाहतीमुळे हा परिसर आज दाट वस्तीचा झाला आहे. खानदेशातून सुरतेस आलेली मराठी कुटुंबे या उद्योगनगरीच्या निरनिराळ्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत असून, त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणारा कामगार, हातगाडीवर भाजी विकणारी भगिनी किंवा वर्ग सांभाळणारा शिक्षक यांच्या दृष्टीने खणखणीत आवाज हे उपजीविकेचे साधन होय. म्हणूनच गळ्यावरील गाठीसाठी शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला मिळाला की, "आवाज तर जाणार नाही ना?" हा प्रश्न घरोघरी प्रथम विचारला जातो. हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असणे हिताचे आहे.

गलगंड व आपला प्रदेश

गळ्याच्या पुढील भागी, श्वासनलिकेस बिलगून, फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. तिलाच व्यवहारात थायरॉइड म्हणतात. शरीरातील चयापचयाचे नियमन करणारे स्राव ती निर्माण करते व त्यासाठी तिला आयोडीन लागते. आयोडीन अपुरे पडल्यास ती फुगते. यालाच आपण गलगंड म्हणतो. हा विकार केवळ हिमालयाच्या पायथ्याचा, असा समज फार दिवस होता. परंतु सुरतेलगतचा भरूच जिल्हा, तसेच महाराष्ट्रातील तत्कालीन औरंगाबाद जिल्हा येथेही त्याचा आढळ झाल्याची नोंद आहे. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यावर पुन्हा देशव्यापी बंदी आली. तथापि, ग्रंथीतील सर्वच गाठी आयोडीनच्या अभावामुळे होत नाहीत. गाठ कर्करोगाची असल्यास वा तशी शंका असल्यास, गाठीमुळे श्वास अथवा गिळणे अडत असल्यास, किंवा ग्रंथीचा अतिस्राव औषधांनी आटोक्यात येत नसल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आवाजाचा मज्जातंतू

मेंदूतून निघणारा एक प्रमुख मज्जातंतू मानेतून छातीत उतरतो. त्याची एक शाखा डाव्या बाजूस महारोहिणीस व उजव्या बाजूस हाताकडे जाणाऱ्या रोहिणीस वळसा घालते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रात शिरते. खाली जाऊन उलट फिरणारी ही शाखा श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधील खोबणीतून, म्हणजे अवटु ग्रंथीच्या अगदी पाठीमागून जाते. स्वरतंतूंची उघडझाप तिच्यावर अवलंबून असते. ती एका बाजूस दुखावल्यास आवाज घोगरा व दुबळा होतो, तसेच पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंस दुखावल्यास स्वरतंतू मिटल्यासारखे राहून श्वासच कोंडतो व प्रसंगी श्वासनलिकेस छिद्र पाडावे लागते. ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाणारी दुसरी एक बारीक शाखा उंच स्वर लावण्यास साहाय्य करते. गायक व कीर्तनकार यांना तिचे महत्त्व विशेष आहे.

नवी साधने

अवटु ग्रंथीस रक्ताचा पुरवठा विपुल असतो. त्यामुळे एके काळी ही शस्त्रक्रिया प्राणघातक मानली जाई. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर यांनी रक्तवाहिन्या एकेक करून काळजीपूर्वक बांधण्याची पद्धत रूढ केली व मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणले. त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९२६ साली अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचे विजेवर चालणारे उपकरण शस्त्रक्रियेत वापरले. पुढे १९९०च्या दशकात दोन नवी साधने आली. पहिल्या साधनाचे पाते सेकंदास सुमारे ५५,५०० वेळा कंप पावते. त्या घर्षणाच्या उष्णतेने रक्तवाहिनी मिटते व कापलीही जाते. दुसऱ्यात चिमट्याच्या दोन पात्यांमधून वीज वाहते व ७ मिलिमीटरपर्यंतची वाहिनी मिटविता येते. या साधनांमुळे दोरे बांधण्याचा वेळ वाचतो.

परंतु जेथे उष्णता आहे तेथे दक्षता हवीच. उष्णता पात्यापुरती न राहता आजूबाजूच्या ऊतींत काही मिलिमीटर पसरते. शिवाय साधन बंद केल्यावरही पाते काही सेकंद तापलेले राहते. पाते थंड होण्यापूर्वी मज्जातंतूस लागले, तर तो न कापताही निकामी होऊ शकतो व वरकरणी अखंड दिसतो. म्हणून मज्जातंतूपासून निदान ३ मिलिमीटर अंतर राखणे, प्रत्येक वापरानंतर पाते ओल्या कापडावर निववणे आणि मज्जातंतूच्या अगदी निकट असता उष्णतेचे साधन बाजूस ठेवून दोरा किंवा क्लिप वापरणे, ही सुरक्षिततेची सूत्रे मानली जातात.

डोळ्यांची साक्ष व यंत्राची साथ

मज्जातंतूस हात न लावणे म्हणजेच त्याचे रक्षण, अशी समजूत एके काळी होती. अमेरिकी शल्यचिकित्सक फ्रँक लेही यांनी १९३८ साली याच्या उलट प्रतिपादन केले. मज्जातंतू प्रत्येक वेळी शोधून डोळ्यांनी पाहावा, म्हणजे इजा कमी होते, हे त्यांनी दाखविले. हा नियम आजही प्रमाण आहे. आता त्यास यंत्राची जोड मिळाली आहे. श्वासनलिकेत घातलेल्या नळीवरील विद्युत्अग्रे स्वरतंतूंस टेकलेली असतात. मज्जातंतूस सूक्ष्म विद्युत्स्पर्श करताच त्यांची हालचाल यंत्रावर उमटते. एका बाजूचा संकेत नाहीसा झाल्यास दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. त्यामुळे दोन्ही बाजू निकामी होण्याचे संकट टळते. मात्र हे यंत्र शल्यचिकित्सकाच्या ज्ञानाची व सरावाची जागा घेऊ शकत नाही.

अनुभवी हातांत कायमची इजा साधारणतः शंभरात एखाद्या रुग्णास होते. तात्पुरता घोगरेपणा त्याहून अधिक आढळतो. तो बहुधा काही आठवड्यांत अथवा महिन्यांत ओसरतो.

रुग्णांनी व नातेवाइकांनी काय करावे

शस्त्रक्रियेपूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची तपासणी करून घ्यावी. आपला व्यवसाय आवाजावर अवलंबून असल्यास तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा शस्त्रक्रिया तेथे नियमितपणे होतात काय, कोणते साधन वापरणार व मज्जातंतूची काळजी कशी घेणार, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चोवीस तासांत गळा फुगू लागल्यास वा श्वास लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता परिचारिकेस कळवावे. बोटांस किंवा ओठांभोवती मुंग्या येणे हे रक्तातील कॅल्शियम घटल्याचे लक्षण असू शकते, तेही सांगावे. घोगरेपणा टिकून राहिल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी व स्वरोपचार सुरू करावेत. संपूर्ण ग्रंथी काढली असल्यास तिच्या स्रावाची गोळी जन्मभर, उपाशीपोटी, नियमाने घ्यावी लागते.

आवाज जाईल या भीतीने गाठ अंगावर काढणे हे अधिक धोक्याचे आहे. गाठ लहान असताना मज्जातंतू शोधणे सुकर असते. ती वाढून आजूबाजूस चिकटली की तेच काम कठीण होते. यास्तव गळ्यावर सूज दिसताच नजीकच्या शासकीय वा महानगरपालिकेच्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, आणि घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.